मोखाड्याची चाळीस मिनिटं

विठ्ठल मास्तरांनी सहलीचा कार्यक्रम फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गातल्या सगळ्या मुली टाळ्या वाजवत होत्या आणि मी त्या कार्यक्रमात फट शोधत होते. फट नव्हती. पहाटे जव्हारहून प्रयाण, हद्दीवर न्याहारी, तीन वाजता मोखाड्यास आगमन, लगेच स्वागत, स्वागतानंतर लगेच टेकडीवरून प्रदेशनिरीक्षण, निरीक्षणानंतर लगेच भजन, भजनानंतर लगेच जेवण, जेवणानंतर लगेच झोप. दुसऱ्या दिवसाचंही तसंच. मास्तरांनी ‘लगेच’ इतक्या वेळा लिहिलं की शेवटच्या ओळीला खडू संपला आणि परतीचा प्रवास तोंडी सांगावा लागला.

मी हात वर केला. गेल्या महिन्यात बक्षीससमारंभात पाहुण्यांसमोर मी न अडखळता भाषण केलं, तेव्हापासून माझा हात आपोआप वर जातो.

“मास्तर, यात मोकळा वेळ कुठे आहे?”

“कसला मोकळा वेळ?”

“सहलीतला.”

मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं, जणू मी त्यांच्या पागोट्याला डाग दाखवला होता. “विद्युल्लते, मोकळा वेळ घरी असतो. त्याच्यासाठी बैलगाड्या कराव्या लागत नाहीत.”

“पण कुणाला कुणाकडे जायचं असलं तर?”

“कुणीही कुणाकडेही जायचं नाही. आपण इंग्रजी हद्दीत चाललो आहोत. तिथे एक मुलगी हरवली तर दरबारला इंग्रज सरकारशी पत्रव्यवहार करावा लागेल. तुझ्यासाठी दरबारने पत्रव्यवहार करावा, अशी तुझी इच्छा आहे का?”

माझी तशी काही हरकत नव्हती, पण मी खाली बसले.

मला जायचं होतं ताईकडे. माझी मोठी बहीण कुसुमावती, तिला मोखाड्याला दिली आहे. लग्नाला दोन वर्षं झाली आणि या दोन वर्षांत ती एकदाही माहेरी आलेली नाही. जव्हार आणि मोखाडा यांच्यात एक घाट, थोडं रान आणि एक हद्दीचा दगड आहे, समुद्र नाही. पण प्रत्येक सणाला तिच्या सासूबाईंचा निरोप यायचा की यंदा सोय नाही, पुढच्या सणाला बघू.

गेल्या दिवाळीनंतर आमचे अण्णा स्वतः जाऊन आले. अण्णा दरबारच्या दप्तरात कारकून आहेत आणि फार सभ्य आहेत. ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, “कुसुम, कशी आहेस?” तर सासूबाई म्हणाल्या, “बरी आहे ती.” अण्णांनी विचारलं, “जेवण जातं ना?” सासूबाई म्हणाल्या, “जातं.” अण्णांनी विचारलं, “जव्हारची आठवण येते का?” सासूबाई म्हणाल्या, “नाही येत.” मग अण्णा म्हणाले, “तुमची सोय बघून पाठवा,” आणि परत आले. अण्णांच्या सांगण्यावरून सासूबाईंची प्रकृती उत्तम होती. ताईबद्दल काही कळलं नाही. शिवाय ताईचे सासरे तिथल्या कचेरीत असल्यामुळे त्यांच्या अंगणात सरकारी पर्जन्यमापक बसवला आहे, एवढी एक बातमी अण्णांनी नीट आणली. आई त्या रात्री जेवली नाही.

त्यामुळे सहल मोखाड्याला जाणार म्हटल्यावर आईने मला स्वयंपाकघरात नेऊन दार लोटलं.

“तिला एकटीला गाठ आणि विचार, माहेरी यायचंय का. हो म्हणाली तर मी तुझ्या अण्णांना स्वस्थ बसू देणार नाही. नाही म्हणाली तर मी परत विषय काढणार नाही. पण उत्तर तिच्या तोंडून यायला हवं. आणि एकटीला गाठायचं बरं का. सासूबाई उंबऱ्यावर असल्या तर त्याला एकटी म्हणत नाहीत.”

“किती वेळ लागेल?” मी विचारलं. मला अंदाज हवा होता.

“हो म्हणायला कितीसा वेळ लागतो?” आई म्हणाली. मग म्हणाली, “पण आधी रडेल. ते धर.”

मी ते धरलं. शाळेपासून घरापर्यंत जाणं, सासूबाईंना चुकवणं, रडणं, प्रश्न, उत्तर आणि परत येणं मिळून अर्धा तास होत होता. मास्तरांच्या फळ्यावर पाव तासही नव्हता.

आम्ही अठरा मुली चार गाड्यांतून निघालो. बरोबर शाळेची सकू होती. सकू जवळच्या दाभोसा गावची. शाळेत पाणी भरणं, झाडणं आणि मुलींना ओरडणं ही तिची कामं, त्यातलं तिसरं ती विनामोबदला करते. सहलीत तिच्याकडे आमच्यावर नजर ठेवण्याचं काम होतं. मास्तर पहिल्या गाडीच्या पुढे चालत होते, हातात घड्याळ धरून, म्हणजे आम्ही त्यांच्या नव्हे तर घड्याळाच्या मागे चाललो होतो.

हद्दीच्या दगडापाशी न्याहारी झाली. हौशी, म्हणजे माझी मैत्रीण, एक पाय जव्हार संस्थानात आणि एक पाय इंग्रजी राज्यात ठेवून भाकरी खात होती. मास्तर म्हणाले, “मुलींनो, या दगडापलीकडे वेळही बदलते. आपल्याकडे राजवाड्यावर सूर्याप्रमाणे तास वाजतो. पलीकडे सरकारी वेळ चालते, आगगाडीची. त्यांची घड्याळं आपल्यापुढे चाळीस मिनिटं पळतात.”

“मग तुम्ही घड्याळ पुढे करणार?” हौशीने विचारलं.

“मी का करू? मी जव्हार दरबारचा नोकर आहे,” मास्तर म्हणाले. “माझं घड्याळही.”

यात मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही. मोखाड्यात पोचल्यावर वाटलं.

मोखाड्याच्या शाळेपुढे तिथले हेडमास्तर कोट घालून उभे होते. त्यांच्यामागे झेंडूच्या माळा घेतलेली मुलं उभी होती, म्हणजे काही उभी होती आणि काही एकमेकांना टेकली होती. झेंडूही टेकल्यासारखा दिसत होता.

“आपण तीनला येणार होतात,” हेडमास्तर म्हणाले.

“तीनलाच आलो,” विठ्ठल मास्तरांनी घड्याळ दाखवलं. तीन वाजले होते.

हेडमास्तरांनी स्वतःचं घड्याळ काढलं. त्यात तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. “हे पोस्टातल्या घड्याळावर लावलेलं आहे.”

“माझं राजवाड्यावरच्या तासावर.”

“पण आपण मोखाड्यात उभे आहात.”

“उभा मोखाड्यात आहे, पण वेळ मी जव्हारहून दिली होती.”

दोघांनी आपापली घड्याळं आपापल्या खिशात घातली. तीन वाजता येतो असं कळवताना, कुठले तीन हे कळवायचं मास्तरांना सुचलंच नव्हतं, आणि विचारायचं हेडमास्तरांना सुचलं नव्हतं. दोघांचंही बरोबर होतं आणि माळा सुकल्या होत्या. मग स्वागत झालं. हेडमास्तरांनी भाषणात ‘वक्तशीर’ हा शब्द तीनदा वापरला.

मी मात्र त्या भाषणात एका वेगळ्याच विचारात होते. या दोन घड्याळांच्या मधे चाळीस मिनिटं पडली होती आणि त्यांच्यावर कुणाचाच हक्क नव्हता. आज ती आमची वाट बघण्यात मोखाड्याने खर्च केली होती. पण उलट झालं तर? कार्यक्रम मोखाड्याच्या घड्याळाने संपला आणि पुढचा जव्हारच्या घड्याळाने सुरू व्हायचा असला, तर मधली चाळीस मिनिटं आमच्या पदरात पडतील. फळ्यावर ती नव्हती, कारण फळा जव्हारला होता.

टेकडीवर प्रदेशनिरीक्षण चाललं असताना मी हेडमास्तरांजवळ गेले. “सर, उद्या सकाळी तुमच्या शाळेची कवायत किती वाजता संपेल?”

“दहाला. घंटाच होते.”

मग मी विठ्ठल मास्तरांजवळ गेले. “मास्तर, उद्या कवायतीनंतर देवीच्या दर्शनाला किती वाजता जायचं?”

“दहाला. कवायत संपली की लगेच.”

मी दोघांचेही आभार मानले. पिशवीत तीळ घालून आणलेली भाकरी होती ती मी हौशीला अर्धी दिली आणि सगळं सांगितलं. सकू मागेच बसली होती, तिनेही ऐकलं.

“म्हंजे ह्यांचे धा वाजले की तुमचे धा वाजायचे ऱ्हायले?” सकूने विचारलं.

“हो.”

“मंग मधी काय वाजतं?”

“काहीच नाही.”

“बरा हाय,” सकू म्हणाली. “जा बहिणीकडं. मी बघितला नाय. पन मास्तर बोंबलला तर मंग मी बघितला.”

एवढ्यावर आमचा करार झाला.

दुसऱ्या दिवशी सगळं अगदी हिशेबाप्रमाणे घडलं. मोखाड्याच्या मुलांनी कवायत केली, मनोरा रचला, मनोरा पडला, परत रचला, आणि दहाची घंटा झाली. हेडमास्तर नमस्कार करून वर्गात गेले. मुलं वर्गात गेली. पटांगणात आम्ही आणि मास्तर राहिलो. मास्तरांनी घड्याळ काढलं. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी फाटकाच्या दिशेने दोन पावलं सरकले होते. तेवढ्यात मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थांबले. रिकामा वेळ पाहिल्यावर काही माणसांना झोप येते, काहींना भूक लागते. विठ्ठल मास्तरांना भूगोल येतो.

“सर्वांनी खाली बसा,” मास्तर म्हणाले. “कोकणातील नद्या. उत्तरेकडून.”

आम्ही खाली बसलो. दमणगंगेपासून सुरुवात झाली. मी तिसऱ्या रांगेत, माझ्या एका बाजूला हौशी, दुसऱ्या बाजूला सकू, आणि पुढे मास्तर येरझारा घालत होते. वैतरणा आली. उगम, लांबी, उपनद्या. माझी चाळीस मिनिटं एकेक नदीने समुद्राला मिळत होती. आणि ताईचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत होतं. त्यांच्या गोठ्यावरची भोपळ्याची वेल मला बसल्या जागेवरून दिसत होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आदल्या दिवसापासून उलटं चालले होते. या सहलीतून मोकळा वेळ निघणार नव्हता. काढला तरी मास्तर भरणार होते. मग मोकळा वेळ काढायचाच कशाला? ताईकडे सहलच न्यावी.

मी हात वर केला.

“मास्तर, इथे मागच्या गल्लीत पर्जन्यमापक आहे. सरकारी.”

मास्तर उल्हास नदीवर होते. ते तिथेच थांबले.

“प्रत्यक्ष?”

“अंगणात आहे. कुंपण घातलेलं.”

विठ्ठल मास्तर अकरा वर्षं आम्हाला, आणि आमच्याआधीच्या मुलींना, पर्जन्यमापक चित्रावरून शिकवत होते. चित्रात त्याच्या शेजारी एक साहेब उभा होता. मास्तरांनी कोट सारखा केला. “दोन-दोनच्या रांगा,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

तर अशा रीतीने आम्ही अठराजणी, मास्तर आणि सकू ताईच्या सासरच्या अंगणात शिरलो. पर्जन्यमापक गोठ्याशेजारी होता. पत्र्याचं एक नळकांडं, जमिनीत अर्धं पुरलेलं, वर नरसाळं. आम्ही कुंपणाभोवती गोल उभ्या राहिलो आणि मास्तरांनी नरसाळं, बाटली आणि मोजपात्र यांची माहिती दिली. हौशीने वाकून आत पाहिलं.

“मास्तर, आत काहीच नाही.”

“बरोबर,” मास्तर समाधानाने म्हणाले. “पाऊस पडलेला नाही. यंत्र चोख आहे.”

आवाज ऐकून ताईच्या सासूबाई ओसरीवर आल्या. मी त्यांना काकू म्हणते. उंच आहेत, डोळे तीक्ष्ण आहेत आणि कंबरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. त्यांनी अंगणात नजर फिरवली आणि मला बरोबर शोधून काढलं.

“विदू का तू? जव्हारची?”

“हो काकू. आम्ही पर्जन्यमापक बघायला आलो.”

“अस्सं,” काकू म्हणाल्या. “पाऊस बघायला पौषात.”

त्यांना शंका आली होती, हे मला दिसत होतं. पण मलाही एक गोष्ट दिसत होती. संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते, रथसप्तमी पुढे होती, आणि अठरा कुमारिका अंगणात उभ्या होत्या. त्यांना हळदीकुंकू लावल्याशिवाय आणि हातावर तिळगूळ ठेवल्याशिवाय परत पाठवणं काकूंना शक्यच नव्हतं. गोठ्यात आग लागली असती तरी शक्य नव्हतं. आणि घरची मोठी सवाशीण त्याच होत्या, म्हणजे लावणार त्याच.

“वर या गं सगळ्या,” काकू म्हणाल्या. “पाय धुवा आधी. सूनबाई, तिळगुळाचं ताट आण बाहेर.”

एका कपाळाला हळद, मग कुंकू, मग वाकून नमस्कार, मग आशीर्वाद. मी मनात मोजलं. अठरा कपाळांची आठ-नऊ मिनिटं. रडणं त्यात बसत नव्हतं. मी हौशीच्या कानात सांगितलं, “सावकाश,” आणि मी पहिली पुढे झाले. काकूंनी मला कुंकू लावलं, जरा जोरानेच, आणि पुढची मुलगी आली. मी आत सटकले.

हौशीने काम चोख केलं, हे मला मागून कळलं. प्रत्येक मुलीने पाय दोनदा धुतले, दोनदा नमस्कार केला. एकीने आपलं कुंकू वाकडं लागलं म्हणून पुसून परत मागितलं. एकीने काकूंना त्यांचं माहेर कुठलं ते विचारलं.

ताई चुलीजवळ बसून ताटात तिळाच्या वड्या मांडत होती. मला पाहून तिच्या हातातली वडी तशीच राहिली.

“तू कशी इथे?”

“सहलीतून. ताई, वेळ नाहीये. रडायचं असलं तर जव्हारला रड. आई विचारते, माहेरी यायचंय का?”

“हो,” ताई म्हणाली.

एवढंच. आई म्हणाली होती तसंच. हो म्हणायला काही वेळ लागत नाही. आणि ताई रडलीही नाही. माझं काम झालं होतं आणि जवळजवळ सगळा वेळ शिल्लक होता. सगळ्या सहलीत मला पहिल्यांदा मोकळा वेळ मिळाला आणि त्याचं काय करायचं ते मला कळेना. ताईलाही कळेना.

“कपिला व्याली का?” तिने विचारलं.

“कालवड झाली. तांबडी.”

“आई बरी आहे?”

“आहे. तुला इथे त्रास आहे का?”

“नाही गं.” ताईने वडी ताटात ठेवली. “जेवायला पोटभर वाढतात. टाकून बोलत नाहीत. एकटं सोडत नाहीत, एवढंच. देवळात नाही, बाजारात नाही. मोठ्या जाऊबाई नाशिकला माहेरी गेल्या होत्या ना, दिवाळीला. आठ दिवसांसाठी म्हणून. त्यानंतर तिसरी दिवाळी झाली. आल्याच नाहीत. सासूबाईंना वाटतं मीही तशीच. मी नीट बोलायला लागले की यांना भीती वाटते की आता ही जाते म्हणेल. म्हणून माझ्या वतीने त्याच बोलतात.”

“मग मी अण्णांना लगेच पाठवते.”

“अण्णांना नको!” ताई एकदम म्हणाली. “अण्णा म्हणणार, तुमची सोय बघून पाठवा. यांची सोय कधीच नसते.”

“कुणाला नको?” दारातून आवाज आला.

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात कुंकवाचा करंडा. हिशेबात मी कपाळं धरली होती, तिळगूळ धरला नव्हता. कुंकू लावून झालेल्या मुली ओसरीवर हात पसरून बसल्या होत्या आणि तिळगुळाचं ताट आमच्या दोघींच्या मधे होतं.

ताई उभी राहिली. तिचं तोंड मिटलं, दोन वर्षं मिटत आलं होतं तसं. आता काही तरी बोलायचं होतं आणि तिथे बोलू शकेल अशी मी एकटीच होते. बक्षीससमारंभात निदान भाषण पाठ होतं.

“काकू,” मी म्हणाले, “ताईला माहेरी यायचंय. ती आत्ता म्हणाली. तिच्या तोंडून.”

काकूंनी ताईकडे पाहिलं. “हो का गं?”

ताईने मान खाली घातली. मग वर केली. “हो.”

काकूंनी किल्ल्यांचा जुडगा एका बाजूहून दुसऱ्या बाजूला केला. “थोरलीही असंच म्हणाली होती. तिची ओटी मीच भरली,” त्या म्हणाल्या. “बघू. आत्ता सोय नाही.”

तेवढ्यात बाहेरून विठ्ठल मास्तरांचा आवाज आला. “सतरा! सतराच कशा?” पाठोपाठ सकूचा आवाज आला, “आत्ता बघितला हो, आत गेली ती!” आणि मास्तर थेट स्वयंपाकघराच्या दाराशी आले. आत कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावणं बरं नव्हे हे लक्षात येऊन त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीला रागावले.

“विद्युल्लता! सहलीतून परवानगीशिवाय हलायचं नाही, हे मी काय त्या पर्जन्यमापकाला सांगितलं होतं? विहिरीवर गेलात तर सकू बरोबर असते. झोपलात तरी सकू दाराशी असते. या सहलीत एका मुलीला एक क्षण मोकळा मिळणार नाही, अशी मी व्यवस्था केली आहे, आणि तू माझ्या डोळ्यांदेखत…”

“थांबा जरा, मास्तर,” काकू म्हणाल्या. “एक क्षणसुद्धा मोकळा नाही?”

“एकही नाही.”

“कुणी कुठे जात नाही? एकटं?”

“कुणीही नाही. ही एक सोडून.”

“हीही माझ्याच स्वयंपाकघरात होती,” काकू म्हणाल्या. “आणि जितक्या नेता तितक्या परत आणता?”

“तितक्याच,” मास्तर भिंतीला म्हणाले, आता जरा खुलून. “आजवर माझ्या सहलीत एकही मुलगी कमी भरलेली नाही.”

ही मास्तरांची पहिलीच सहल होती. मी ते मधे घातलं नाही.

काकू विचार करत होत्या. दोन वर्षांत जव्हारहून त्यांच्याकडे लोक आले होते ते हात जोडून, सोय बघून, आपल्या सवडीने. त्यातल्या कुणावरही त्यांचा विश्वास बसला नव्हता. असा माणूस त्यांना आज प्रथमच भेटला होता.

“मास्तर, मग हिला न्या,” त्या म्हणाल्या. “माझ्या सुनेला. आठ दिवसांनी परत आणा. तुम्ही स्वतः. तिच्या वडिलांच्या हाती पाठवू नका, ते फार सभ्य आहेत. घरच्यांना काय सांगायचं ते मी सांगते.”

मास्तर इतके चकित झाले की भिंत सोडून वळले. “पण बाई, मला परवानगी अठरा मुलींची आहे. एकोणीस झाल्या तर दरबारला काय सांगू?”

ताईने माझा हात धरला होता आणि तिची नखं मला रुतत होती. मग मास्तर स्वतःच मोठ्याने विचार करू लागले. “लग्न झालेली आहे, म्हणजे मुलींत धरता येत नाही. सामानातही धरता येत नाही… सकूबरोबर धरता येईल. सकूवर संख्येचं बंधन नाही.”

“मंग धरा की,” ओसरीवरून सकू म्हणाली. “मी काय नको म्हनते?”

काकूंनी ताईला गाठोडं बांधायला सांगितलं. “दोनच लुगडी घे. तिसरं लागेल इतके दिवस राहू नकोस.” मग त्यांनी ताईची ओटी भरली. तांदूळ घालताना त्यांच्या हातून बरेच खाली सांडले. ताई ते उचलायला वाकली तर त्या म्हणाल्या, “राहू दे. मी झाडते नंतर.” मग माझ्याकडे न बघता मला म्हणाल्या, “आईला सांग, हिला पहाटे कढत पाणी लागतं. खोकते ही थंडीत.” आईला हे माहीत होतं, पण मी हो म्हणाले.

जव्हारच्या घड्याळात बरोबर दहा वाजता आम्ही देवीच्या देवळात पोचलो.

त्यापुढचा सगळा कार्यक्रम ताईने आमच्याबरोबर केला, कारण कार्यक्रम सोडून कुठे बसायची सोय नव्हती. तिने देवीचं देऊळ पाहिलं. बाजार पाहिला, त्यात नागलीच्या ढिगांपुढे उभं राहून धान्यांची नावं घेतली. कचेरीच्या इमारतीचं बाहेरून निरीक्षण केलं. दोन वर्षं मोखाड्यात राहून मोखाडा तिने त्या दिवशी पाहिला. “बराच मोठा आहे की गं,” ती मला म्हणाली. मास्तरांनी तिला टेकडीही दाखवली असती, पण टेकडी आदल्या दिवशी झाली होती.

जेवणं आटोपल्यावर गाड्या जुंपल्या. ताई शेवटच्या गाडीत सकूजवळ बसली, गाठोडं मांडीवर घेऊन. ती सारखी गल्लीकडे बघत होती, कुणी थांबवायला येतंय का म्हणून. कुणी आलं नाही. मास्तरांनी निघण्यापूर्वी हजेरी घेतली, प्रत्येकीचं पूर्ण नाव घेऊन, बैल कंटाळेपर्यंत. अठरा नावं झाली. मास्तर घसा खाकरून म्हणाले, “कुसुमावती.”

ताईला चटकन कळलंच नाही. सासरी तिला सगळे सूनबाई म्हणत होते.

“कुसुमावती,” मास्तर परत म्हणाले. लग्नाआधी ती त्यांच्याच वर्गात होती.

“हजर,” ताई म्हणाली.

“ऐकू आलं नाही. मोठ्याने.”

“हजर!” ताई इतक्या मोठ्याने ओरडली की आमच्या गाडीचा डावा बैल उठून चालायलाच लागला आणि गाडीवानाला धावावं लागलं.

“आन माझा नाव?” सकूने मागून विचारलं. “का मी रानात उतरली तरी चालल?”

मास्तरांनी सकूचंही नाव घेतलं. मग गाड्या हलल्या. गाव संपायच्या आत ताई बोलायला लागली, ती हद्दीच्या दगडापर्यंत थांबली नाही. हौशी तर मधेच झोपून गेली, सकूही पेंगली, पण ताई बोलतच होती, आणि मी ऐकत होते.